पिंपातील चव आणि लेबलावरील इतिहास

१/ #धागा
बर्बन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत मुरवलेली स्टाउट ही काळी, दाट आणि कडक बिअर आज अमेरिकेत मोठ्या प्रतिष्ठेची मानली जाते. तिच्यासोबत दोन कथाही बिनदिक्कत गिळल्या जातात. एक, ती १९९२ साली शिकागोत जन्मली. दोन, तिने लंडनच्या जुन्या लाकडी परंपरेचे पुनरुज्जीवन केले. पहिली कथा संशयास्पद आहे; दुसरी चुकीची.

२/ आधी दुसरी कथा. लंडनची पोर्टर प्रचंड लाकडी टाक्यांत महिनोन्महिने मुरत असे. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी म्यूक्स यांच्या ब्रुअरीतील अशी एक टाकी फुटली. बिअरचा लोंढा शेजारच्या वस्तीत शिरला आणि ८ जणांचा बळी गेला. लाकूड होते, हे निर्विवाद. परंतु लाकूड वापरणे वेगळे आणि लाकडाची चव हवी असणे वेगळे.

३/ इंग्लिश ब्रुअर पिंपांसाठी बाल्टिक किनाऱ्यावरील मेमेल बंदरातून येणारा ओक पसंत करीत, कारण त्याचा स्वाद बिअरमध्ये फारसा उतरत नसे. अमेरिकन ओक ते टाळत, कारण तो उतरे. आज ज्या व्हॅनिला-खोबऱ्याच्या गंधासाठी चाहते रांगा लावतात, तो त्या ब्रुअरांच्या लेखी दोष होता. याला पुनरुज्जीवन कसे म्हणावे?

४/ मग ही चव आली कुठून? बऱ्याच अंशी कायद्यातून. अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्ये उठली. त्याच दशकातील नियमांनी बर्बनसाठी आतून जाळलेले नवे ओकचे पिंप सक्तीचे केले. एकदा वापरलेले पिंप बर्बनसाठी पुन्हा चालत नाही. सुमारे २०० लिटरची अशी असंख्य पिंपे रिकामी होतात आणि विकली जातात. स्कॉच व्हिस्कीही त्यांतच मुरते. या नियमाविना बर्बन-स्टाउटची कल्पना कागदावरच राहिली असती.

५/ आता १९९२. प्रचलित कथेनुसार, गूस आयलंडचे ब्रुअर ग्रेग हॉल यांनी जिम बीम घराण्याचे बुकर नो यांच्या भेटीनंतर आपल्या हजाराव्या घाण्यासाठी ही बिअर केली. शिकागोचे पत्रकार जॉश नोएल यांनी २०१८ च्या पुस्तकात या कथेची छाननी केली. त्यांच्या मते १९९५ हे साल अधिक संभाव्य ठरते.

६/ ‘तीन वर्षांनी काय बिघडते?’ असा आक्षेप येतोच. बिघडते ते असे : ‘पहिली’ हा मान सालावरच उभा असतो. माणसाची स्मृती प्रामाणिकपणेही चुकते. तो गुन्हा नव्हे. मात्र २०११ मध्ये ही कंपनी ॲनहॉयझर-बुशने ३ कोटी ८८ लाख डॉलरना घेतली. तेव्हापासून जन्मकथा हीसुद्धा एका महाकाय उद्योगाची मालमत्ता आहे. मालमत्तेची कागदपत्रे तपासूनच घ्यावीत.

७/ चवीच्या तुलनेतही हीच शिस्त हवी. मिशिगनमधील फाउंडर्सच्या केबीएसमध्ये कॉफी आणि चॉकलेट असते. गूस आयलंडच्या मूळ बर्बन काउंटीत नसते. दोन पेले शेजारी ठेवून ‘कोणाचे पिंप सरस’ असा निवाडा देणे म्हणजे दोन भिन्न काळांतील बखरी एकाच प्रसंगाच्या साक्षी मानणे.

८/ खरी तुलना कॅलिफोर्नियातील फिफ्टीफिफ्टीच्या ‘इक्लिप्स’ मालिकेने शक्य केली. स्टाउट तीच, पिंपे निरनिराळ्या व्हिस्कींची, आणि ओळखीसाठी बाटलीच्या तोंडावर वेगवेगळ्या रंगांचे मेण. येथे जे समान लागते ते ब्रुअरचे. जे बदलते ते मुख्यतः पिंपाचे. व्हॅनिलाचा गंध ओकमधील लिग्निनपासून येतो, खोबऱ्याचा ओक-लॅक्टोनपासून, आणि घशातील ऊब लाकडात मुरलेल्या व्हिस्कीने वाढते.

९/ म्हणून पेला लहान असावा, बिअर बर्फगार नसावी, आणि मिळाल्यास पिंपात न मुरवलेली मूळ स्टाउट प्रथम चाखावी. तिच्यात भाजलेल्या सातूचा कडवटपणा आणि अंगचा दाटपणा नसेल, तर पुढची सारी स्तुती फक्त व्हिस्कीची आहे. आणि लेबलावर जन्मसाल छापलेले असेल, तर पहिल्या घोटाआधी एक प्रश्न विचारावा : हे त्याच वर्षीच्या कोणत्या कागदावर आहे?