अंगणातील काम आणि शब्दाचा अतियोग

रुग्णाची झोप उडाली, रक्तदाब वाढला, चिडचिड होऊ लागली की आपण औषधाबरोबर विहाराचाही सल्ला देतो. ‘रोज तासभर अंगणात, बागेत काम करा’ हे वाक्य त्यात हमखास असते. सल्ला योग्यच आहे. खुरपणी करणे, आळी करणे, पाणी घालणे यांत बेताचा व्यायाम घडतो, कोवळे ऊन मिळते आणि मनही एका कामात रमते. परंतु त्या अंगणात त्या वेळी काय ऐकू येते, हा प्रश्न आपल्यापैकी किती जण रुग्णास विचारतात?

हा प्रश्न मनात येण्यास ज्येष्ठातील एक रविवार निमित्त झाला. पहिला पाऊस होऊन जमिनीस वाफसा आला होता. दवाखान्यामागील परसात कडुनिंबाच्या बुंध्याशी गुळवेल, कुंपणालगत अडुळसा व निर्गुडी आणि ओलसर कोपऱ्यात ब्राह्मी लावण्याचे योजिले होते. सकाळी आठलाच शेजारच्या बांधकामावर फरशी कापण्याचे यंत्र सुरू झाले. दहाच्या सुमारास मागील बाजूस गवत कापण्याचे पेट्रोलवरील यंत्र घरघरू लागले आणि दुपारी कोपऱ्यावरील मंडपातून ध्वनिक्षेपक गर्जू लागला. हातभर अंतरावरील माळीकाकांशीही ओरडून बोलावे लागे. दुपारपर्यंत कपाळ ठणकू लागले, निम्मी रोपे पिशवीतच राहिली. ज्या कामाने चित्त प्रसन्न व्हावे, त्याच कामातून त्रागा पदरी आला. सारे दिवसाढवळ्या चाललेले असल्याने यात काही वावगे आहे असे कोणासही वाटले नाही!

आपल्या शास्त्रास मात्र ते वावगे वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात असात्म्येंद्रियार्थसंयोग हे रोगांच्या तीन कारणांपैकी एक सांगितले असून मेघगर्जना, नगारे, आक्रोश यांसारखे अत्युच्च शब्द फार ऐकणे यास श्रोत्रेंद्रियाचा अतियोग म्हटले आहे. वाग्भटांनी श्रोत्राची गणना वाताच्या स्थानांत केली आहे. अनिद्रा, शिरःशूल, कर्णनाद घेऊन येणाऱ्या रुग्णाच्या वातप्रकोपाचे मूळ शोधताना आपण शिळे अन्न, वेगधारण, जागरण हे सारे विचारतो. कानावर दिवसभर आदळणारा शब्द तेवढा निसटतो. आधुनिक वैद्यकही येथे आपल्यापासून दूर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत रस्त्यावरील वाहतुकीच्या दीर्घकालीन गोंगाटाचा संबंध हृदयविकाराशी जोडला आहे.

कायद्याची स्थितीही आपणांस ठाऊक असावी. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार निवासी क्षेत्रात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे 50 व 40 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेबाबत समाजात आता थोडीफार जागृती आहे. बांधकामाच्या आवाज करणाऱ्या यंत्रांवर निवासी भागात 2010 च्या दुरुस्तीने जी बंदी आली, तीही रात्रीपुरतीच. दिवसा मर्यादेपेक्षा 10 डेसिबल वा अधिक आवाज असल्यास तक्रार करता येते, हे फार थोड्यांस माहीत असते. शिवाय 2017 च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने घोषित केल्याखेरीज कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र ठरत नाही. रुग्णालयाची पाटी लावली म्हणजे भोवतालचे 100 मीटर आपोआप शांत झाले, असे समजून चालणार नाही.

तथापि शेजाऱ्यास बोल लावण्यापूर्वी आपले घर पाहणे इष्ट. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात संशोधनासाठी रुग्णास ठेवण्याच्या वास्तूचे वर्णन आहे. त्या वास्तूत धूर, धूळ यांप्रमाणेच अप्रिय शब्दही पोहोचू नये, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या किती पंचकर्म केंद्रांत शिरोधारा चालू असताना बाहेर दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी वाजत नसतात? फार्मसीचालक बंधूंनीही आपल्या चूर्णयंत्राजवळ उभे राहून पाहावे. हातभर अंतरावरील माणसाशी बोलण्यास आवाज चढवावा लागत असेल, तर तेथील ध्वनी सुमारे 85 डेसिबलच्या वर आहे, असा व्यवहारातील ठोकताळा आहे. कारखाने अधिनियमाखालील नमुना नियमांत 8 तासांच्या कामासाठी 90 डेसिबलची मर्यादा घातली होती. पल्वरायझर स्वतंत्र खोलीत बसविणे, त्याखाली रबरी बैठक देणे, कामगारास कर्णरक्षक देणे व पाळी बदलणे हे उपाय लहान फार्मसीसही जड नाहीत. जो कामगार आपले अश्वगंधाचूर्ण दळतो, त्याचीच झोप त्या दळण्याने उडावी, हे आपल्या व्यवसायास शोभणारे नाही.

म्हणून व्यवसायबंधूंस तीन नम्र सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, केसपेपरवर आहार, निद्रा, मल-मूत्र यांच्या खाली ‘शब्द’ असा एक रकाना घालावा. घरी, कामावर व फिरण्याच्या जागी किती गोंगाट असतो हे त्यात नोंदवावे. दुसरी, बागकामाचा सल्ला देताना वेळही सांगावी. पहाटेनंतरचा, यंत्रे सुरू होण्यापूर्वीचा तास शक्यतो निवडावा आणि आपल्या वनौषधी बागेत खुरपे व विळा यांनी भागते तेथे इंजिन आणू नये. तिसरी, ज्यांची आंतररुग्ण सेवा आहे त्यांनी आपला परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित व्हावा यासाठी लेखी अर्ज करावा. शाखांनी असे अर्ज एकत्रितपणे पुढे न्यावेत.

निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. गोंगाट हे निदान आहे असे एकदा मानले, की त्याचे परिवर्जन हे केवळ पोलिसांचे काम उरत नाही. ते वैद्याचेही कर्तव्य ठरते.