पुन्हा परीक्षेला बसायची लाज कशाला?

बारावीचा निकाल लागला की कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या आमच्या वस्त्यांत दोनच शब्द ऐकू येतात. पास आणि नापास. पास झालेल्या पोराला टक्के किती पडले, आणि तेवढ्या टक्क्यांवर त्याला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळणार आहे का, हे विचारायला कुणाला सवड नसते. पंचावन्न टक्के पडले, पेढे वाटले, आता खोपोलीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लावा, नाहीतर एखाद्या फार्महाऊसवर राखणीला ठेवा. पळसदरीसारख्या गावातला पोरगा यातून निसटून 'मी पुन्हा परीक्षेला बसतो' म्हणाला, तर घरात सुतक पडते. पास झालेला पुन्हा कशाला बसतो? लोक काय म्हणतील? वर्ष फुकट जाईल!

हेच वर्ष शहरातल्या सुखवस्तू घरात फुकट जात नाही. तिथे त्याला 'ड्रॉप' असे ऐटीचे नाव आहे. बाप पैसे मोजून मुलाला कोट्याला नाहीतर लातूरला ठेवतो आणि नातेवाइकांना अभिमानाने सांगतो. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात 'नीट' पार करून डॉक्टर झालेल्याच्या पाटीवर प्रयत्नांचा आकडा लिहिलेला कुणी पाहिला आहे काय? दुसरी संधी हा त्यांचा हक्क आणि आमच्या पोराची मात्र नामुष्की, हा हिशेब कुणी ठरवला?

राज्य मंडळाच्या नियमात ही संधी सर्वांना सारखी आहे. तिचे नाव श्रेणीसुधार योजना. फेब्रुवारी-मार्च २०२५ च्या परीक्षेत सर्व विषयांत पास झालेल्या विद्यार्थ्याला गुण वाढविण्यासाठी लगतच्या तीन परीक्षांची मुभा मंडळाने दिली. नापासांसाठीही २०१५ साली दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरवरून जुलैत आणली गेली, ती वर्ष वाचावे म्हणूनच. आता सीबीएसईनेही २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा घेण्याचा निर्णय केला. म्हणजे पुन्हा बसणे ही रीतसर वाट झाली आहे. आमच्या वस्तीत तेवढी बातमी पोचलेली नाही.

गुणांना अर्थ किती आहे ते पाहा. 'जेईई'त चांगला क्रमांक आला तरी एनआयटीत बसायला अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला बारावीत ६५ टक्के लागतात, किंवा आपल्या मंडळात पहिल्या वीस पर्सेंटाइलमध्ये यावे लागते. अठ्ठावन्न टक्क्यांचा पोरगा राखीव जागेच्या दारापर्यंत जाऊन परत फिरतो, आणि मग 'जागा रिकाम्या राहतात, यांना पात्र उमेदवारच मिळत नाहीत' ही बोंब मारायला मंडळी तयारच! त्या पोराने श्रेणीसुधारचा फॉर्म भरला असता तर? मात्र 'जेईई अॅडव्हान्स्ड'ला लागोपाठच्या दोनच वर्षांत बसता येते, तेव्हा हिशेब न करता वर्ष थांबणेही शहाणपणाचे नाही. ज्याला हातातल्या गुणांवर पॉलिटेक्निकमध्ये नीट जागा मिळते, त्याने ती खुशाल घ्यावी.

परमपूज्य बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आजच्या हिशेबाने ३७.६ टक्के. त्या गुणांवर समाजाने सत्कार केला, केळुसकर गुरुजींनी बुद्धचरित्र भेट दिले. 'सदतीस टक्केवाल्याने पुढे काय शिकायचे' असे कुणी म्हणाले नाही. १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. बाबासाहेबांनी सिडनेहॅममध्ये नोकरी करून पैसे साठवले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. ऑक्टोबर १९२२ मध्ये दिलेला डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. तो त्यांनी नव्याने लिहिला आणि १९२३ मध्ये पदवी मिळवली. त्यांचा फोटो भिंतीवर लावणाऱ्या घरात पुन्हा परीक्षेला बसायची लाज वाटावी?

काही शहाणे म्हणतात, परीक्षाच नको, शिक्षकांनी वर्षभराच्या कामावरून गुण द्यावेत. इंग्लंडमध्ये विद्यापीठाचा अर्ज निकालाआधी जातो आणि शिक्षकांनी वर्तवलेल्या गुणांवर जागा देऊ केली जाते. पुन्हा परीक्षेला बसणाऱ्यालाही, शिक्षकाने भरघोस गुण वर्तवले, तर चांगली जागा कबूल होते. पण हे वर्तवणे किती खरे ठरते? २०१६ सालच्या एका अभ्यासात जेमतेम १६ टक्के विद्यार्थ्यांचे भाकीत बरोबर निघाले. बहुतेकांना जास्त गुण वर्तवले होते, पण हुशार असूनही गरीब घरातल्या मुलांना कमी वर्तवण्याकडे कल दिसला. ऑगस्ट २०२० मध्ये करोनामुळे परीक्षा रद्द झाल्या तेव्हा शाळेचा जुना निकाल धरून संगणकी सूत्राने गुण ठरवले गेले. ए-लेव्हलचे चाळीस टक्क्यांच्या आसपास गुण शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आले. पोरे रस्त्यावर उतरली आणि सरकारला चार दिवसांत माघार घ्यावी लागली.

आपल्याकडे २०२१ साली तेच झाले, उलट्या दिशेने. परीक्षेविना दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. पास सगळेच झाले, पण गुण शाळेच्या हातात होते आणि मोबाईल नसलेल्या कातकरी-ठाकरवाडीतल्या लेकराचे 'अंतर्गत मूल्यमापन' कशावरून झाले ते शाळाच जाणे. म्हणून आम्ही म्हणतो, लेखी परीक्षेत शंभर खोट्या असतील, पण उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो, आडनाव नसते. परीक्षकाला आमची वस्ती दिसत नाही. ही सोय आम्ही सहजासहजी सोडू नये.

खरी अडचण पैशाची आहे. घरी बसून तयारी करणारा पोरगा कोणत्याच कॉलेजच्या पटावर नसतो. म्हणून त्याला शिष्यवृत्ती नाही, समाजकल्याणच्या वसतिगृहात खाट नाही. पळसदरी हे कर्जतहून खोपोलीकडे निघाल्यावरचे पहिलेच स्थानक, पण या फाट्यावरच्या गाड्या मोजक्या. कर्जत-बदलापूरच्या क्लासची फी, रेल्वेचा पास आणि रात्री उशिरा परतणे हे सगळे मजुरी करणाऱ्या बापाने कुठून जमवायचे? त्याच वर्षी घराला पोराच्या पगाराची आशा लागलेली असते. श्रेणीसुधारला बसणाऱ्या मागासवर्गीय विद्यार्थ्याला एक वर्ष वसतिगृह आणि निर्वाहभत्ता मिळालाच पाहिजे, ही मागणी आमच्या विद्यार्थी संघटनांनी जिल्हाधिकारी कचेरीवर नेली पाहिजे. मोर्चे आपण कमी काढत नाही, यासाठी एक निघू द्या.

सरकार हलेपर्यंत आपल्या हातातले काय? विहारे रात्री कुलूपबंद असतात, तिथे दिवा आणि सतरंजी आहेच. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत उडणाऱ्या पैशात किती मुलांचे फॉर्म आणि पास निघतील, याचा हिशेब मंडळांच्या खजिनदारांनी एकदा मांडावा. शाळेत मास्तर असलेले आपले कार्यकर्ते आठवड्यातून दोन संध्याकाळी गणित-विज्ञान घेऊ शकतात.

वेळ थोडा असतो. २०२५ साली बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला आणि पुरवणी परीक्षा २४ जूनला सुरू झाली. मध्ये पन्नास दिवस, त्यातले फॉर्म भरायचे त्याहून कमी. निकालाच्या आठवड्यातच विहाराच्या फळ्यावर फॉर्मची शेवटची तारीख लिहिली गेली पाहिजे आणि कार्यकर्त्याने गुणपत्रिका हातात घेऊन घरोघर जाऊन विचारले पाहिजे, 'पुन्हा बसतोस का?'