भोक पडलेली मेथी



आज जरा भांडायला बसले आहे, आणि तेही आपल्याच माणसांशी. विषय "ऑर्गॅनिक". आपल्या घरांत हल्ली हा शब्द "शुद्ध" आणि "अहिंसक" या दोन्ही शब्दांच्या जागी बिनधास्त वापरला जातो. माझं म्हणणं आहे की त्याचा या दोन्हींशी आपोआप काही संबंध नाही. संबंध जोडायचा तर त्यासाठी खरेदीच्या पलीकडचं काही करावं लागतं, आणि नेमकं तेच कोणाला नको आहे.

बाळापासून सुरुवात करते. आमच्या महिला मंडळात सध्या बारशाला "ऑर्गॅनिक हॅम्पर" द्यायची टूम निघाली आहे. वेताच्या टोपलीत ऑर्गॅनिक कॉटनचं ब्लँकेट, दोन झबली, लाकडी खुळखुळा आणि वर रिबीन बांधलेली ऑर्गॅनिक मधाची बाटली. किंमत चार हजार दोनशे रुपये. मध! मद्य, मांस, मधु हे तीन शब्द आपण पाठशाळेत एका दमात म्हणायला शिकलो. आता जैन बाळाच्या बारशाला मध जातो, कारण बाटलीवर हिरवं पान छापलेलं आहे. धर्म घटकाभर बाजूला ठेवा, डॉक्टरसुद्धा वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका म्हणून बजावतात. त्यातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

आणि ब्लँकेट कशाला हवं हो? आपल्या सांगलीकडच्या हवेत बाळाला लागतं ते हवा खेळणारं, शंभरदा धुतलेलं सुती कापड. आजीच्या जुन्या लुगड्याची दुपटी, त्याचीच वाकळ. त्यातली खळ कधीच धुऊन गेलेली असते. त्यासाठी नवा कापूस पिकवावा लागत नाही, नवं पाणी लागत नाही, नवा फवारा नाही, आणि कोणाचा दाखलाही लागत नाही. मी बी.कॉम. आहे. व्हाउचर बघितल्याशिवाय नोंद करायची नाही, हे अंगात मुरलेलं. म्हणून त्या ब्लँकेटचं लेबल मी चष्मा लावून वाचलं. गॉट्स नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान ९५ टक्के धागा सेंद्रिय असेल तर "ऑर्गॅनिक" लिहिता येतं. ७० टक्के असेल तर "ऑर्गॅनिक धाग्यापासून बनवलेलं" एवढंच. दोन्हींवर चिन्ह तेच, आणि टोपलीतल्या ब्लँकेटवर दुसरं वाक्य होतं. शिवाय २०२० साली याच मानकाच्या संस्थेने जाहीर केलं होतं की भारतात तब्बल २०,००० टन कापूस बनावट दाखल्यांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेला. तेव्हा लुगड्याचा दाखला मला जास्त भरवशाचा वाटतो.

पण माझं खरं भांडण किमतीशी नाही. ते जाहिरातीतल्या एका वाक्याशी आहे: "तुमच्या बाळाच्या नाजूक त्वचेसाठी." सगळं काही माझ्या बाळासाठी, माझ्या ताटासाठी, माझ्या पोटासाठी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. विष बाळाच्या अंगाला लागायची भीती आपल्याला वाटते. त्याच्या कितीतरी आधी ते पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या अंगावर उडालेलं असतं, त्याच्या नाकातोंडात गेलेलं असतं. सेंद्रिय कापूस घ्यायचं पहिलं कारण तो माणूस आहे. दुसरं कारण त्या शेतातले असंख्य जीव. आपल्या बाळाची त्वचा फार तर तिसरं. जाहिरात हा क्रम उलटा करते, कारण दुसऱ्याच्या काळजीवर टोपल्या खपत नाहीत.

आता मेथीकडे येते. माझ्या पुतण्याने तासगावजवळच्या शेतातलं एक एकर सेंद्रिय करायला घेतलं आहे. आमच्या घरची द्राक्षबाग आहे, त्यामुळे फवारणीविषयी बोललं की घरात भुवया वर जातात. आमचे भाऊजी म्हणतात, "वहिनी, ऑक्टोबर छाटणीनंतर दोन दिवस पाऊस लागला की डाऊनी अख्खी बाग खातो. तुमची अहिंसा कर्जाचा हप्ता भरणार का?" त्यांचं चूक आहे असं मी म्हणत नाही. आदिनाथांनी शिकवलेल्या षट्कर्मांत कृषी आहेच, आणि शेतीतली हिंसा ही उद्योगी हिंसा. गृहस्थाला ती पूर्ण टळत नाही, यत्नाने कमी करता येते. बागेचं बघू पुढे. पण एका एकरात तरी यत्न करावा असं पोराला वाटलं, त्याने मेथी, पालक, भुईमूग लावला आणि मेथीच्या पेंड्या मंडळात पाठवल्या.

आल्या तशा परत गेल्या. का? पानांना भोकं होती.

"किडलेली भाजी कशी घ्यायची? जीवहिंसा होते ना!" हे मला कोणी सांगितलं? हॅम्परची वर्गणी गोळा करणाऱ्या बाईंनी.

मैत्रिणींनो, हा आक्षेप मी हसून सोडून देत नाही, कारण तो मनापासून घेतला जातो. आपल्या चुलीपाशी जीव मरू नये ही भावना खरी आहे. पण जरा हिशेब मांडू. पानाला भोक म्हणजे तिथे अळी जगली. पान काचेसारखं अखंड म्हणजे बहुतेक वेळा ती अळी आधीच मारली गेली. आपल्या ताटात जीव नको म्हणून तो शेतात मेला तर चालतो का? कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्हींनी कर्म बांधलं जातं हे आपण प्रवचनात दरवर्षी ऐकतो. मंडईत अखंड पानाच्या पेंडीला दोन रुपये जास्त देणारी आणि भोकाची पेंडी फेकून देणारी बाई त्या पंपाचा दांडा स्वतः हलवत नाही इतकंच. हलवायला लावते. कारित याहून वेगळं काय असतं?

भोकाची मेथी घरात आणून हिंसा टाळता येते, वेळ लागतो एवढंच. पांढऱ्या कापडावर पेंडी सोडायची, हलक्या हाताने झटकायची, पान पान उजेडात बघायचं. जो जीव सापडेल तो पानासकट कुंडीत किंवा झाडाखाली ठेवायचा. फारच किडलेली असेल ती पानं घ्यायची नाहीत. चातुर्मासात तर पालेभाजी आपण बंदच करतो, म्हणजे किडीचे महिने आपोआप टळतात. आपल्या सासवांनी हेच केलं. त्यांच्याकडे "ऑर्गॅनिक" हा शब्द नव्हता, पण डोळे होते आणि दुपार होती.

उलट लेबलवाल्या मालाचं बघा. सेंद्रिय शेतीच्या नियमांत हाडांच्या आणि रक्ताच्या भुकटीच्या खताला सरसकट बंदी नाही. अमेरिकेत ते चालतं, आणि आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या यादीतही ते अटींसह आहे. पाकिटावरच्या हिरव्या पानातून हे दिसत नाही. ओळखीच्या शेतकऱ्याला मात्र विचारता येतं. माझ्या पुतण्याला मी विचारलं, तो शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसनाचं जीवामृत घालतो. आणखी एक. ऑर्गॅनिक पिठाच्या पिशवीवर सहा महिन्यांची मुदत छापलेली असते. आपली पिठाची मर्यादा थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. सहा महिन्यांचं पीठ ऑर्गॅनिक असेल, आपल्या घरातलं शुद्ध नव्हे. डाळींचंही तेच. धुरी न दिलेली डाळ वर्षाची भरून ठेवली की किडे होणारच, मग तीच बाई उन्हात डाळ पसरून ते मारणार. महिन्यापुरती आणा. (ऑर्गॅनिक लसणाच्या चटणीबद्दल मी काही बोलत नाही. मंडळाच्या मागच्या प्रदर्शनात ती होती. असो.)

आता पैशाचं. सेंद्रिय प्रमाणपत्र मिळण्याआधी जमिनीला संक्रमणाचा काळ काढावा लागतो, हंगामी पिकांना किमान दोन वर्षं, फळबागेला तीन. या काळात शेतकऱ्याने औषध थांबवलेलं असतं, उतारा घटलेला असतो, पण लेबल नसतं. म्हणजे खर्च सेंद्रियचा आणि भाव साध्या मालाचा. पुतण्याचा भाजीचा उतारा पहिल्या वर्षी निम्म्यावर आला. शेतकरी बहुधा इथेच हात टेकतो आणि परत पंप उचलतो. त्याला मदत लागते ती याच दोन-तीन वर्षांत. प्रमाणपत्र मिळाल्यावर शहरातले व्यापारी त्याच्या दारात उभे राहतातच.

पुतण्या पेंडीला बाजारापेक्षा पाच रुपये जास्त मागतो. आठवड्याला एका घराने दोन पेंड्या घेतल्या तर दहा रुपये जास्त गेले. एका हॅम्परचे चार हजार दोनशे म्हणजे चारशे वीस आठवडे, आठ वर्षांहून थोडे जास्त. एका टोपलीच्या पैशात एक घर आठ वर्षं हा फरक भरू शकतं, आणि तीस घरं असतील तर पोराला आठवड्याला साठ पेंड्यांचं नक्की गिऱ्हाईक. तीस घरं आपल्या एका गल्लीत आहेत.

"काकू, तुम्ही घरच्या माणसाची जाहिरात करताय," असं एकीने म्हणून झालं आहे. खुशाल म्हणा. तुमच्या ओळखीत दुसरा कोणी असा संक्रमणातला शेतकरी असेल तर त्याच्याकडून घ्या, पुतण्याला मी सांभाळते. मला फक्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठराव मांडायचा आहे: बारशाला हॅम्पर बंद, त्याऐवजी घरातल्या जुन्या सुती साड्यांची शिवलेली दोन दुपटी, आणि वर्गणीचे पैसे वर्षभराच्या भाजीला आगाऊ. दुपटी शिवायला मी तयार आहे, मशीन आहे. भाजीच्या यादीत आत्तापर्यंत अकरा नावं आली आहेत. शनिवारी सकाळी पेंड्या येतात, मंदिरातून परत जाताना घेऊन जा. पांढरं कापड घरचं आणा.