वेताळाचा प्रश्न

विक्रम राजा आणि वेताळ यांची गोष्ट आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? स्मशानातील झाडावर लोंबकळणारे प्रेत राजा खांद्यावर घेतो आणि मुकाट्याने चालू लागतो. प्रेतात संचारलेला वेताळ वाट सरावी म्हणून त्याला एक गोष्ट सांगतो. गोष्ट संपली की तो राजाला एक प्रश्न विचारतो आणि वर बजावतो, की उत्तर ठाऊक असूनही गप्प राहिलास तर तुझ्या मस्तकाची शकले होतील. राजा उत्तर देतो. त्याचे मौन सुटते आणि वेताळ पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळतो. अशा या पंचवीस गोष्टी. अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागर' या संस्कृत ग्रंथात त्या आहेत, आणि आपल्याकडे तर त्या घरोघरी सांगितल्या गेल्या.

लहानपणी मला त्या वेताळाची भारी भीती वाटे. मोठेपणी मात्र ध्यानात आले, की वेताळ हा एक उत्तम गुरुजी आहे. नुसता हुंकार देणारा श्रोता त्याला चालत नाही. गोष्टीतील माणसे बरोबर वागली की चूक, हे ऐकणाऱ्याने ठरवावे आणि का, तेही सांगावे, असा त्याचा आग्रह आहे.

आजची मुले ज्या गोष्टी आवडीने वाचतात, त्याही बहुधा मालिकेच्याच असतात. जे. के. रोलिंग या लेखिकेने हॅरी पॉटर या जादूगार मुलाची कथा १९९७ ते २००७ या काळात सात भागांत सांगितली; ती पुस्तके मराठीतही आली आहेत. सुझॅन कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची 'द हंगर गेम्स' ही मालिका २००८ साली सुरू झाली. तिच्यातील जुलमी राजवट दरवर्षी आपल्या बारा प्रांतांतून प्रत्येकी एक मुलगा आणि एक मुलगी निवडते व त्यांना एकमेकांशी जीवघेणी झुंज खेळायला लावते. पहिल्या प्रकारच्या कथांना आपण अद्भुतकथा म्हणू. दुसऱ्या प्रकारच्या कथांत उद्याच्या जगाचे चित्र असते. पण ते जग सुखाचे नसते, माणसांनी आपल्याच हातांनी बिघडवलेले असते. त्यांना भयभविष्याच्या कथा म्हणू.

या पुस्तकांविषयी वडीलधाऱ्यांच्या दोन तक्रारी नेहमी कानी येतात. पहिली अशी, की या गोष्टी कधी संपतच नाहीत. एक भाग झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा, आणि मुले तहानभूक विसरून वाचत सुटतात. दुसरी अशी, की भयाण कथांचे सावट कोवळ्या मनावर पडते. या तक्रारी हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. परंतु निकाल देण्यापूर्वी दोन खऱ्याखुऱ्या हकिकती ऐका.

१९०० साली एल. फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाने ऑझ नावाच्या अद्भुत देशाची गोष्ट लिहिली. कॅन्सस राज्यातील डोरोथी ही मुलगी चक्रीवादळात घरासकट उडते आणि त्या देशात जाऊन पडते. मेंदू हवा असलेले बुजगावणे, हृदय हवे असलेला पत्र्याचा लाकूडतोड्या आणि धैर्य हवे असलेला सिंह हे तिचे सोबती. ही गोष्ट मुलांना इतकी आवडली, की बॉमकडे त्यांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला. पुढे काय झाले ते सांगा, ही त्यांची मागणी! १९०४ साली दुसरा भाग निघाला; १९१० साली सहावा. त्या सहाव्या भागात बॉमने ठरवले, की आता पुरे. ग्लिंडा या जादूगारणीकरवी त्याने ऑझचा देश जगाच्या नजरेआड करून टाकला. तेथली बातमीच कळणार नाही, तर गोष्ट सांगणार कशी?

पुढील दोन वर्षांत त्याने समुद्रातील पऱ्यांची आणि आकाशातील बेटाची अशा दोन नव्या गोष्टी लिहिल्या. पण मुलांना हवा होता ऑझच. तेव्हा एका मुलाने सुचवले, की देश दिसेनासा झाला म्हणून काय बिघडले? बिनतारी संदेशयंत्राने डोरोथीशी बोलता येईल की! बॉमने ही सूचना आनंदाने उचलली आणि १९१३ साली सातवा भाग बाहेर पडला. त्याच्या प्रारंभी बॉमने स्वतःच हे सांगितले आहे. खरे बोलायचे, तर त्याआधी दोनच वर्षांपूर्वी त्याचे दिवाळे निघाले होते. ऑझकडे परतण्यात पोटाचाही प्रश्न होता. असो. बॉमच्या हातून ऑझची एकूण चौदा पुस्तके झाली. १९१९ साली तो वारला, आणि चौदावे पुस्तक त्यानंतर, १९२० साली प्रसिद्ध झाले.

या हकिकतीतून काय दिसते? एका मुलाच्या सूचनेने कथेचा बंद दरवाजा उघडला. वाचकाच्या शब्दात केवढे बळ असते! पण याच हकिकतीला दुसरी बाजूही आहे. 'आम्हांला ऑझच हवा' असा मुलांनी धोशा लावला, म्हणून समुद्राची आणि आकाशाची नवी वाट मागे पडली. मागणी करणे आणि मत देणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. 'आणखी हवे' असे तर आपण लाडवालाही म्हणतो. लाडू बेसनाचा की रव्याचा, पाक पक्का झाला की कच्चा राहिला, हे सांगता आले म्हणजे ते मत.

आता दुसरी हकिकत. १९९३ साली लॉइस लोरी या अमेरिकन लेखिकेने 'द गिव्हर', म्हणजे 'देणारा', ही कादंबरी लिहिली. तिचा नायक जोनस गोष्टीच्या आरंभी तुमच्याच वयाचा, अकरा वर्षांचा आहे. त्याच्या वसाहतीत भूक नाही, भांडण नाही, युद्ध नाही. पण तेथे डोंगर नाहीत, बर्फ नाही, इतकेच काय, रंगही नाहीत. कोणी कोणता व्यवसाय करावा, कोणाचे लग्न कोणाशी व्हावे, कोणत्या घरी कोणते मूल द्यावे, हे सारे वडीलधाऱ्यांचे मंडळ ठरवते. घरात शब्दकोश, नियमांचे पुस्तक अशी दोनतीन पुस्तके तेवढी असतात. जुन्या जगाच्या साऱ्या आठवणी एकट्या एका वृद्धाजवळ ठेवलेल्या आहेत, आणि त्याची खोली मात्र पुस्तकांनी भरलेली आहे. बारा वर्षांचा होताच जोनसची निवड त्या आठवणी स्वीकारण्यासाठी होते. सूर्याची ऊब त्याला कळते, तशीच युद्धाची वेदनाही कळते. 'मुक्त करणे' हा त्या वसाहतीतील एक गोड शब्द आहे. त्याचा खरा अर्थ जोनसला समजतो, तेव्हा त्याच्या पायांखालची जमीन सरकते. तो अर्थ मी येथे सांगत नाही. तो त्याच्याबरोबरच तुम्ही शोधावा, हे बरे.

गोष्टीच्या शेवटी जोनस एका तान्ह्या बाळाला घेऊन पळतो. थंडीने गारठलेला, उपाशी, तो बर्फाच्या टेकडीवर पोहोचतो. खाली दिवे दिसतात, संगीत ऐकू येते. आणि तेथेच पुस्तक संपते. ते दिवे खरे, की मरणाऱ्या मुलाचा भास? वाचकांत तट पडले. कोणी म्हणाले, तो वाचला. कोणी म्हणाले, छे, तो गेला. १९९४ साली या पुस्तकाला बालसाहित्यासाठीचे न्यूबेरी पदक मिळाले. त्या प्रसंगीच्या भाषणात लेखिका म्हणाली, की याचा एकच खरा शेवट नाही. प्रत्येक वाचकाचा शेवट त्याच्यापुरता खरा आहे. तरीही मुले विचारीतच राहिली. पुढे २०००, २००४ आणि २०१२ या साली त्या जगाच्या आणखी तीन गोष्टी निघाल्या आणि जोनसचे काय झाले, ते वाचकांना कळले.

हे बरे झाले, की वाईट? येथे मी माझे मत सांगतो. पुढची पुस्तके चांगली आहेत, यात शंका नाही. पण पहिले पुस्तक संपल्यावर दुसरे लगेच हाती घेऊ नये. त्या बर्फाच्या टेकडीवर आपण काही दिवस उभे राहावे. दिवे खरे असतील, तर का असतील? नसतील, तर लेखिकेने ते का दाखवले? पुस्तकातले पुरावे शोधावेत, मित्राशी वाद घालावा, आपला शेवट मनाशी ठरवावा. मग लेखिकेचा वाचावा. मालिका वाईट नाही. विचाराला सवड न देता वाचलेली मालिका वाईट. वेताळ एका गोष्टीनंतर दुसरी सांगतो खरा, पण मध्ये प्रश्न विचारल्यावाचून नाही.

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू. हे पुस्तक मुलांना वाचू देऊ नये, असे पुष्कळ अमेरिकन पालकांना वाटले. शाळांतून आणि ग्रंथालयांतून ते काढून टाकावे, अशा मागण्या झाल्या. १९९० ते १९९९ या दशकात अमेरिकेत ज्या पुस्तकांवर सर्वाधिक आक्षेप घेतले गेले, त्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. त्या पालकांची काळजी खोटी नव्हती. पुस्तकात मृत्यूचे प्रसंग आहेत आणि ते मनाला चटका लावणारे आहेत.

परंतु जरा विचार करा. जोनसच्या वसाहतीतील वडीलधाऱ्यांनी तरी दुसरे काय केले होते? लोकांना त्रास होऊ नये, म्हणून त्यांनी दुःख काढून घेतले; दुःखाबरोबर आठवणी गेल्या, आठवणींबरोबर रंग गेले, आणि शेवटी आपले मत असण्याची शक्तीही गेली. भयभविष्याची कथा आपल्याला भिववते, ते घाबरट करण्यासाठी नव्हे. धरणाच्या भिंतीला भेग कोठे पडू शकते, हे दाखवणाऱ्या पहारेकऱ्यासारखी ती आहे. पहारेकऱ्याचा आवाज कर्कश लागतो, म्हणून कोणी त्याला गावाबाहेर घालवीत नाही.

मात्र एक पथ्य सांगतो. एखादे पुस्तक वाचताना जीव घाबरा झाला, तर ते मिटून ठेवण्यात कमीपणा नाही. घरातल्या मोठ्या माणसांशी बोला. वर्षा-दोन वर्षांनी ते पुन्हा उघडा. आपण स्वतः पुस्तक मिटणे वेगळे आणि सर्वांसाठी ते कुलूपबंद करणे वेगळे. पहिला आपला निर्णय असतो. दुसऱ्यात इतरांचा निर्णय हिरावला जातो.

तेव्हा बालमित्रांनो, पुढच्या वेळी एखादे पुस्तक वाचून संपवाल, तेव्हा 'छान आहे' किंवा 'कंटाळवाणे आहे' एवढ्यावर थांबू नका. 'का?' हा वेताळाचा प्रश्न स्वतःला विचारा. मित्राचे मत निराळे निघाले, तर रागावू नका. त्याचेही 'का' ऐकून घ्या. ते पटले, तर आपले मत बदलण्यात कसली लाज?

आणि उत्तर सापडलेच नाही तर? त्या पंचवीस गोष्टींपैकी शेवटच्या गोष्टीतला प्रश्न इतका अवघड होता, की विक्रमालाही उत्तर सुचले नाही. तो गप्पच राहिला. त्याचे मस्तक फुटले नाही; उलट वेताळ त्याच्यावर प्रसन्न झाला. कारण राजाचे ते मौन आळसाचे नव्हते. त्याआधी प्रत्येक वेळी त्याने मनापासून उत्तर दिले होते.