पालीची शेपटी परत येते, मग चेहरा का नाही?



पालीच्या तुटलेल्या शेपटीचा विषय निघाला की वर्गात हमखास विचारलं जातं, "मग भाजलेला चेहरा परत का येत नाही?" समोरच्या बाकावर तसं एखादं मूल बसलेलं असेल, तर उत्तर टाळणं बरोबर नाही आणि खोटी आशा दाखवणं तर त्याहून वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे.

वरवरचं भाजलं तर नवी कातडी येते. खोल भाजलं की आतला थरच जातो. मग शरीर घाईघाईनं व्रण तयार करून जखम बुजवतं. तो व्रण पुढे आकसतो, पापणी आणि ओठ ओढले जातात.

आपल्याच पेशी वाढवून गेलेला भाग पुन्हा घडवायचा, या प्रयत्नाला रिजनरेटिव्ह मेडिसिन म्हणतात. १९७५ साली अमेरिकेत र्‍हाइनवाल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. आता टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यापासून काही आठवड्यांत मोठी जखम झाकणारे पापुद्रे मिळतात, पण ते नाजूक असतात. त्यात केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत. २०१८ साली चीनमधल्या डॉक्टरांनी, जन्मापासून एक कान नीट न झालेल्या पाच मुलांना त्यांच्याच कूर्चेच्या पेशींपासून घडवलेला कान बसवल्याचं जाहीर केलं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे कानाचं काम तुलनेनं सोपं. गाल, ओठ यांना रक्त पोचवायचं, नसा जोडायच्या, हसू आणायचं, हे अवघड आहे.

रक्ताची ही अडचण मुलांना सांगायला पुण्याचीच गोष्ट आहे. कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं होतं. पुण्याजवळ एका वैदूनं (पदवी वगैरे काही नाही!) त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक केलं. १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ते छापून आलं. खरी युक्ती अशी की कातडी कपाळापासून लगेच पूर्ण तोडली नाही, म्हणून तिला रक्त मिळत राहिलं.

पालकांनो, 'स्टेम सेलनं व्रण गायब' अशा जाहिरातींना भुलून कर्ज काढू नका. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताचे काही आजार वगैरे सोडले तर असे उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतात, आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. आज हाताशी आहे ते म्हणजे त्वचारोपण, आकसलेला व्रण सोडवायच्या शस्त्रक्रिया, व्यायाम. मूल वाढतं तसा व्रण वाढत नाही, म्हणून शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा लागतात. मग हजेरी बुडणारच. त्या मुलाला गृहपाठावरून बोलू नका.

आणि शिक्षकांनो, तोंडावरचा तो घट्ट दाबाचा मुखवटा डॉक्टरांनी जवळजवळ दिवसभर घालायला सांगितलेला असतो. व्रण दाबून सपाट राहावा म्हणून. गॅदरिंगच्या फोटोसाठी तो काढायला लावू नका, आणि परिपाठाला त्या मुलाला सावलीत उभं करा.