शिवणयंत्र देऊन आपण मोकळे होतो काय?

शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील ग्रामीण तालुक्यांतील मुलींसाठी काहीतरी करावे, अशी इच्छा आपल्या धर्मग्रामांतून वरचेवर व्यक्त होत असते. प्रायश्चित्तकाळातील बचत गोळा केली जाते, महिला मंडळ पुढाकार घेते, दोन-चार दानशूर मंडळी मोठी देणगी देतात आणि अखेर एखाद्या पाड्यावर शिवणवर्ग सुरू होतो. सहा महिन्यांनी प्रमाणपत्रे वाटली जातात. यंत्रांसमोर ओळीने बसलेल्या मुलींचे छायाचित्र छापून येते. या साऱ्यामागील सद्हेतूविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. तरीही आमचा एक आक्षेप आहे आणि तो आम्ही स्पष्ट शब्दांत मांडणार आहोत. जी मंडळी स्वतःच्या मुलीसाठी परिचर्या, अभियांत्रिकी, वाणिज्य या शाखांच्या प्रवेशयाद्यांकडे डोळे लावून बसतात, त्यांनाच शहापूरच्या मुलीसाठी शिवणयंत्राच्या पलीकडचे काही सुचत नाही. हा दुजाभाव आहे. तो दानधर्माच्या वेष्टनात गुंडाळलेला असला म्हणून त्याचे स्वरूप पालटत नाही.

प्रथम हा प्रदेश नीट समजून घेऊ. अनुसूचित क्षेत्राविषयीच्या १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाड तालुक्यातील ७७ गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशा जमाती येथे राहतात आणि त्यांच्या शेजारी कुणबी व आगरी समाजाची गावे आहेत. महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती विशेष दुर्बल म्हणून गणल्या जातात, त्यांपैकी कातकरी ही एक. १८९२ साली पूर्ण झालेले तानसा धरण याच शहापूर तालुक्यात आहे. मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी पुरवणारे भातसा धरणही येथेच. मात्र उन्हाळा सुरू झाला की याच तालुक्यातील पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, आणि हंडा डोक्यावर घेऊन ती वाट पाहणारी बहुतेक वेळा मुलगीच असते. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाला, तोही शहापूरच्या भूमीतून जातो. मुंबईचे पाणी आणि मुंबईचा माल यांच्या वाटा अशा उत्तम बांधल्या गेल्या. पाड्यावरच्या मुलीची महाविद्यालयाकडे जाणारी वाट मात्र कोणी बांधायची, हा प्रश्न आहे.

महाविद्यालये नाहीतच, असे कोणी समजू नये. शहापूरला सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आहे, मुरबाड तालुक्यात शिवळे येथे शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय आहे. आसनगावच्या परिसरात तर अभियांत्रिकी शिक्षणाचीही सोय झाली आहे. शुल्काची अडचणही पूर्वीइतकी राहिलेली नाही. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल व इतर मागास वर्गांतील ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांच्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासनाने माफ केले आहे. मग घोडे अडते कुठे?

ते अडते घर आणि महाविद्यालय यांच्या मधल्या अंतरात. ग्रामीण मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो तो बारावीपर्यंत. ज्या दिवशी महाविद्यालयाचा खरा अभ्यासक्रम सुरू होतो, त्या दिवशी तो पास संपतो. मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे लागते आणि विद्यार्थ्यांना सवलतीचा पास मिळतो, हे खरे. पण मोलमजुरी करणाऱ्या घरात तेवढाही पैसा रोज उभा करावा लागतो. पाड्यापासून फाट्यापर्यंत पायी यायचे आणि संध्याकाळी शेवटची गाडी चुकली तर परतायचे कसे, या एका विवंचनेपायी किती बापांनी मुलीचे नाव काढून घेतले असेल! मुरबाडला तर रेल्वेही नाही. कल्याण गाठायचे तर रस्त्याचाच आधार. कातकरी कुटुंबांची स्थिती याहून बिकट आहे. वीटभट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडण्यासाठी दिवाळीनंतर सारे बिऱ्हाड भट्टीवर जाते ते पावसाळ्याच्या तोंडी परत येते. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मुलगीही जाते. आश्रमशाळेत टिकून दहावी-बारावी झालेल्या मुलीला पुढे राहायला खाट मिळाली नाही, तर तिचे शिक्षण तेथेच थांबते. जातीचा दाखला, त्याची वैधता, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते या कागदांपैकी एक जरी कमी पडला, तरी शिष्यवृत्ती तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

आता नोकरीचे पाहू. २०१४ साली राज्यपालांनी काढलेल्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील शिक्षक, परिचारिका, तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी पर्यवेक्षिका, कृषी सहायक, वनरक्षक अशी अनेक पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांमधून भरण्याची तरतूद केली. या तरतुदीला आव्हान दिले गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, भरती रखडली आणि २०२४ साली आदिवासी तरुण-तरुणींना नाशिकमध्ये आंदोलन करावे लागले. त्या लढ्यात आपला समाज कोठे होता, हे विचारण्याचा मोह आम्ही आवरतो. मुद्दा असा की, या पदांपैकी एकाही पदासाठी शिवणवर्गाचे प्रमाणपत्र चालत नाही. उपकेंद्रातील नर्सबाई व्हायचे तर बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम किंवा तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम करावा लागतो. शिक्षिका व्हायचे तर पदविका हवी आणि शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हायला हवी. स्थानिक मुलीसाठी दार कायद्याने उघडले असले, तरी ते ओलांडायला लागणारे शिक्षण तिला कोणी द्यायचे?

गावातच काम मिळालेल्या स्त्रियांची अवस्थाही विसरू नये. अंगणवाडीची कल्पना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच मुलखात, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर रुजवली. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाड्या देशभर गेल्या. मात्र त्या चालवणाऱ्या सेविकांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले ते २०२२ साली. २००५ पासून गावोगाव राबणारी आशा ताई अद्याप कर्मचारी नव्हे, तर स्वयंसेविका मानली जाते. स्त्रीने शिकावे, राबावे, पण तिला वेतन न म्हणता मानधन म्हणून काही द्यावे, हा आपल्या देशाचा जुना खाक्या आहे. आपल्या धर्मसंस्थांनीही आपापल्या हजेरीपटावर एकदा नजर टाकावी.

आम्हांला उत्तर मिळते, ‘शिवण शिकली की चार पैसे लगेच हाती येतात. पदवीधर होऊन तरी नोकरी कोठे आहे?’ पहिल्या भागाचे उत्तर आठवड्याच्या बाजारात मिळते. तयार कपड्यांचे ढीग तेथे इतक्या स्वस्तात विकले जातात की पाड्यावरच्या शिंपिणीकडे उसवलेली शिवण आणि परकराची नाडी एवढेच काम येते. त्यातही एकाच पाड्यावर दहा मुली एकच काम शिकल्या, तर गिऱ्हाईक कोणाकडे जाणार? ज्या मुलीला शिवणकलेची खरी आवड आहे तिने ती अवश्य शिकावी, त्यात उत्तम कमवावे. आमचा विरोध कलेला नाही. सर्व मुलींसाठी एकच आणि तीही सर्वांत स्वस्त वाट ठरवून टाकण्याला आहे.

दुसऱ्या भागाचे उत्तर देण्यासाठी फिलिपिन्सकडे पाहू. आखातात नोकरीस असलेल्या आपल्या माणसांना शुक्रवारच्या मिस्सेला फिलिपिनो भगिनी मोठ्या संख्येने भेटतात. तो देश बहुसंख्येने कॅथलिक. तेथे महाविद्यालयांत मुलींनी मुलांना मागे टाकले आहे. २०१७ च्या कायद्याने सरकारी विद्यापीठांतील पदवी शिक्षणाचे शुल्कही माफ झाले. परंतु देशात पुरेशा पगाराचे काम नाही, आणि १९७४ च्या कामगार संहितेपासून माणसे परदेशी धाडणे हे तेथील सरकारी धोरणच होऊन बसले. परिणामी शिक्षिका झालेली स्त्री हाँगकाँगच्या स्वयंपाकघरात भांडी घासते आणि तिची स्वतःची मुले आजीपाशी वाढतात. १७ मार्च १९९५ रोजी फ्लोर कंटेम्प्लासिओन या मोलकरणीला सिंगापूरमध्ये फाशी दिली गेली, तेव्हा तो सारा देश हादरला आणि त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांच्या संरक्षणाचा कायदा झाला. यावरून काही जण म्हणतील की पाहा, शिकूनही शेवटी भांडीच घासायची. आम्ही यातून नेमके उलटे शिकतो. पदवीपाशी थांबून चालणार नाही, पदवीनंतरचे काम घराजवळ उभे करायला हवे. शिवाय शहापूरच्या मुलीला मुंबईच्या घरांतील धुणीभांडी करण्यासाठी पदवीपर्यंतही पोहोचू दिले जात नाही. घरकामगार स्त्रियांसाठी १९८५ मध्ये राष्ट्रीय चळवळ उभारणाऱ्या सिस्टर जिन देवोस यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्या चळवळीचा अर्थ आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला आहे काय?

धर्माच्या बाजूनेही हा प्रश्न पडताळून पाहू. प्रेषितांच्या कृत्यांत विधवांसाठी वस्त्रे शिवणारी दुर्कस आहे. शिवणवर्गाच्या उद्घाटनाला तिचा दाखला हमखास दिला जातो. त्याच ग्रंथात पुढे जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया आहे. ती स्वतंत्र उद्योग करते आणि पौलाला आपल्या घरी उतरवून घेते. तिच्यावर प्रवचन क्वचितच ऐकू येते. मार्थेच्या घरी प्रभूच्या पायांशी बसून ऐकणारी मरिया ही शिष्याच्या जागी बसली होती आणि प्रभूने तिला तेथून उठवले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षण हा प्रत्येक माणसाचा हक्क असल्याचे जाहीर केले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ साली जगातील स्त्रियांना लिहिलेल्या पत्रात समान कामाला समान वेतन आणि नोकरीतील बढतीत न्याय यांची मागणी केली. ही शिकवण केवळ आपल्या मुलींसाठी आहे, असे कोठेही लिहिलेले नाही.

आता एक अवघड गोष्ट. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला. २००५ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम १५(५) नुसार मागासवर्गीयांसाठी जागा राखण्याची सक्ती अल्पसंख्याक संस्थांवर करता येत नाही. म्हणजे आपल्या नामवंत महाविद्यालयांत शहापूरच्या ठाकूर मुलीसाठी जागा ठेवा, असे कायदा आपल्याला बजावत नाही. ज्या संस्था आपखुशीने अशा जागा ठेवतात त्यांना आमचे वंदन. परंतु जेथे कायद्याची सक्ती नसते तेथेच सदसद्विवेकबुद्धीची कसोटी लागते, असे आम्ही मानतो.

‘आदिवासी मुलींसाठी फार काही केले तर धर्मांतराचा आरोप होईल,’ ही भीतीही बोलून दाखवली जाते. ती निराधार नाही. म्हणून काम उघड्यावर करावे, हिशेब ग्रामसभेत मांडावा, मुलीच्या श्रद्धेविषयी चकार शब्द काढू नये. भीतीपोटी शिवणयंत्र द्यायचे आणि वसतिगृहाची खाट द्यायची नाही, यात कसला शहाणपणा? आरोप करणारा यंत्र पाहूनही आरोप करतोच.

तेव्हा आमच्या मागण्या थोड्या आणि करण्याजोग्या आहेत. प्रत्येक सधन धर्मग्रामाने शिवणवर्गाऐवजी शहापूर-मुरबाडमधील एका मुलीची बारावीनंतरची पूर्ण तीन-चार वर्षे पत्करावी. त्यात राहणे, प्रवास, पुस्तके, आणि भट्टीवरून तिला सोडवून आणताना घराची बुडणारी मजुरी हे सारे धरावे. कल्याण, ठाणे आणि वसई येथील धर्मभगिनींच्या वसतिगृहांत अशा मुलींसाठी काही खाटा राखाव्यात. आपल्यातील निवृत्त शिक्षक, लिपिक, बँक कर्मचारी यांनी महिन्यातून एक दिवस शहापूरला जाऊन दाखल्यांची आणि अर्जांची कामे करून द्यावीत. कॅथलिक रुग्णालयांच्या परिचर्या विद्यालयांनी या तालुक्यांतून दरवर्षी मुली निवडाव्यात. शिकून परत आलेल्या मुलीला आपल्या दवाखान्यांनी आणि शाळांनी मानधनावर नव्हे, तर नियमित वेतनावर नेमावे.

वसईपासून ठाण्यापर्यंत शिक्षिका आणि परिचारिका झालेल्या मुलींच्या पगारावर उभी राहिलेली कितीतरी कॅथलिक घरे आहेत. शिक्षणाने घर कसे वर येते, हे या समाजाला कोणी समजावून सांगायला नको. ज्यांना आमचे म्हणणे अमान्य असेल त्यांनी जरूर प्रतिवाद लिहून पाठवावा. मात्र लेखणी उचलण्यापूर्वी एक करावे. आपली मुलगी बारावी झाली तेव्हा आपण तिच्यासाठी काय काय केले, याची यादी कागदावर उतरवावी, आणि त्यातील कोणती गोष्ट मुरबाडच्या मुलीला नको आहे ते आम्हांला कळवावे.