बंड्याचा पाय

कुत्र्याला लागतं त्या दिवशी त्याला सांभाळणं फारसं अवघड नसतं. तो घाबरलेला असतो, कोपऱ्यात निपचित पडून राहतो, दूध समोर ठेवलं तरी तोंड फिरवतो. खरी परीक्षा पुढे असते. ठणका कमी होतो, अंगात पुन्हा मस्ती भरते आणि जखम मात्र अजून कच्चीच असते. आमचा बंड्या सध्या याच टप्प्यावर आहे, आणि त्याच्या पायाने आमच्या अख्ख्या गल्लीला कामाला लावलं आहे.

बंड्या कुणी विकत आणलेला नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या केळझरात गडावरच्या गणपतीला चतुर्थीला गर्दी होते, त्या गर्दीच्या मागेमागे कधीतरी तो आमच्या गल्लीत आला आणि राहिला. तेव्हापासून पाहुण्यांची एकच चप्पल नेऊन दुसऱ्याच्या अंगणात ठेवणं, बकरीचं दावं चावून तिला मोकळी करणं, उन्हाळ्यात खाटेवर वाळत घातलेल्या कुरोड्यांवर डल्ला मारणं हा त्याचा उद्योग. पोळी त्याला चार घरी मिळते. म्हणूनच ज्या दिवशी तो रक्ताळलेला पाय उचलून तीन पायांवर आला, त्या दिवशी चारही घरांनी एकमेकांकडे पाहिलं. खाऊ घालणारे सगळे होते, पण दवाखान्यात कुणी न्यायचं हे कधी ठरलंच नव्हतं.

सोयाबीनमध्ये वानरांची टोळी उतरली होती. बंड्या तिच्यामागे सुटला आणि कुंपणाच्या काटेरी तारेत अडकला. पुढच्या डाव्या पंजाच्या गादीला चीर गेली होती आणि वर कातडं फाटलं होतं. हाड शाबूत होतं. माणसाच्या हिशेबाने किरकोळ जखम. पण पावसाळ्याच्या दिवसांत आमच्याकडे किरकोळ जखम किरकोळ राहत नाही. काळी माती बोटांच्या फटीत चिकटून बसते, माशा घोंगावत असतात, आणि माशीने एकदा अंडी घातली की चोवीस तासांच्या आतही अळ्या दिसू शकतात. गावात किडे पडून तडफडणारी कुत्री आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांतल्या अनेकांची सुरुवात अशाच दोन बोटांएवढ्या जखमेने झालेली असते.

लगेच सल्ले सुरू झाले. "हळद भरून देजा." "फिनाईल टाक बाप्पा, किडे नाही पडणार त्याले." "गाडीचं जळकं ऑइल लाव, माशी बसत नाही." हे सांगणारी माणसं मायेनंच सांगतात, म्हणून त्यांना उत्तरही समजावून द्यायला हवं. हळदीची पूड ओल्या जखमेवर घट्ट पापुद्रा धरते आणि घाण खाली कोंडते. फिनाईल जिवंत मांस जाळतं. आणि कुत्रा जे अंगावर लागेल ते चाटून पोटात घेतो, त्यामुळे फिनाईल काय, ऑइल काय, शेवटी त्याच्या आतड्यात जातं. जखम धुवायला उकळून कोमट केलेलं मिठाचं पाणी चांगलं. एक लिटर पाण्यात साधारण नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे दोन लहान चमचे सपाट भरून. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं पाच-दहा मिनिटं दाबून धरायचं आणि मधे मधे उचलून पाहायचं नाही. त्याआधी बँडेजच्या पट्टीने तोंड हलकेच बांधून घ्यायचं, मात्र त्याला धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल तर बांधायचं नाही. कितीही लाडका कुत्रा असला तरी दुखऱ्या जागी हात लागला की तो चावू शकतो. त्यात राग नसतो, वेदना असते.

माणसाची दुखण्यावरची गोळी अर्धी करून देऊ नये, हे तर ठळक लिहून ठेवावं. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात. पॅरासिटामॉलही घरच्या अंदाजाने देण्यासारखं नाही.

ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आजूबाजूचे केस कापले, जखम धुतली, टाके घातले आणि रेबीजच्या लसीचा डोस दिला. नंतर त्यांनी जे सांगितलं ते औषधाच्या चिठ्ठीवर नव्हतं: याला पळू देऊ नका. टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात, पण वरून जुळलेलं कातडं आतून मजबूत व्हायला आणखी कित्येक आठवडे घेतं. गादीचं तर विचारूच नका. प्रत्येक पावलागणिक अंगाचा भार तिच्यावर येतो आणि चीर पुन्हा उघडते. शिवाय उत्साहात आलेल्या कुत्र्याला दुखणं जाणवत नाही. छपरावर वानर दिसलं की बंड्या लंगडणं पार विसरतो. तो पळतोय म्हणजे बरा झाला, हा आपला समज आहे. पायाचं मत वेगळं असतं.

मग चाटणं. कुत्र्याच्या जिभेत औषध असतं असं लहानपणापासून ऐकत आलो. त्याच्या लाळेत जंतूंना थोडंफार रोखणारे घटक आहेत हे खरं, पण त्याच तोंडात जखम पिकवणारे जंतूही भरपूर असतात, आणि ती खरखरीत जीभ टाके सैल करते. गळ्यात घालायचा प्लास्टिकचा शंकू आमच्याकडे लगेच मिळाला नाही, म्हणून जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा केला. कडांना चिकटपट्टी, मानेभोवती दोन बोटं सहज जातील एवढी जागा, आणि पुढची कड नाकाच्या थोडी पुढे. शंकू घालून तो पहिल्यांदा दारात अडकला तेव्हा मोठी माय पदराने डोळे पुसत म्हणाली, "मायबाई, काय दशा केली लेकराची! सोडा ना त्याले." पण रात्री त्याच्याजवळ बसून "उगामुगा बस ना बे" म्हणत त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिली तीच.

पट्टीकडे रोज लक्ष द्यावं लागतं. मधल्या दोन बोटांची टोकं उघडी ठेवायची, ती सुजली किंवा गार पडली तर पट्टी घट्ट झाली असं समजायचं. बाहेर नेताना वरून पिशवी बांधायची आणि घरात येताच काढायची, नाहीतर आत घाम धरतो. कुत्र्याला घाम पंजांतूनच येतो. पट्टी ओली झाली, तिला वास आला, किंवा शांत असलेला कुत्रा अचानक तिच्यावर तुटून पडला, तर डॉक्टरांकडे जायची वेळ झाली.

खोडकर कुत्र्याला नुसतं बांधून ठेवणं हा उपाय नव्हे. तो दावं चावतो, भुंकतो, उरलेली सगळी ताकद पट्टीवर काढतो. पायांना विश्रांती द्यायची असेल तर डोक्याला काम द्यावं लागतं, आणि कुत्र्याचं डोकं नाकातून चालतं. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशींची संख्या पन्नास-साठ लाख धरतात, कुत्र्याच्या नाकात ती वीस-तीस कोटींपर्यंत जाते. म्हणून आमच्या गल्लीतली पोरं रोज भाकरीचे तुकडे आणि उकडलेल्या अंड्याचे बारीक खडे जुन्या गोधडीच्या घड्यांत लपवतात. पोरं जवळ असेपर्यंत शंकू काढून ठेवतात आणि खेळ संपला की लगेच चढवतात. हुंगून हुंगून ते शोधण्यात बंड्याचा पाव तास जातो आणि मग तो स्वतःच आडवा होतो. कालवणाचं उरलंसुरलं मात्र त्याला बंद केलं आहे. आपल्या रश्श्यात कांदा-लसूण असतोच, आणि त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

रात्री त्याला अंगणात बांधायचं नाही, हेही पहिल्याच दिवशी ठरलं. बोरचं जंगल आमच्यापासून लांब नाही. २०१४ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्प झाला. जंगलालगतच्या गावांत बिबट्याला सगळ्यात सोपं भक्ष्य म्हणजे बांधलेला कुत्रा, आणि लंगडा असेल तर आणखीच सोपं. उलट बाजूही आहे, कुत्र्यांच्या रोगांचा जंगलालाही धोका असतो. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये डिस्टेंपर पसरला आणि अनेक सिंह दगावले. हा रोग मुळात कुत्र्यांचा म्हणून ओळखला जातो. वाघाच्या शेजारी राहणाऱ्या गावातल्या कुत्र्यांना रेबीजसोबत डिस्टेंपरची लसही मिळावी, हे म्हणूनच जंगलाच्याही हिताचं आहे.

केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, भीमाने बकासुराला इथेच मारलं, असं आमच्याकडे मानतात. गावाला भीमाचा अभिमान आहे. मला अलीकडे धर्मराज जास्त आठवतो. महाप्रस्थानाच्या वाटेवर शेवटपर्यंत सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गाच्या रथात बसायला त्याने नकार दिला. तो कुत्राही कुणी पाळलेला नव्हता, नुसता मागे आला होता. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या सेवाग्रामला पुढे ज्यांनी घर केलं, त्या गांधीजींनी १९२६ मध्ये 'यंग इंडिया'त मोकाट कुत्र्यांवर लेखमालाच लिहिली होती. ती लिहिताना त्यांनी काही कठोर मतं मांडली, त्यांवर तेव्हाही वाद झाला आणि ती सगळी मला पटत नाहीत. पण भुकेल्या कुत्र्यापुढे तुकडा फेकला म्हणजे दया झाली असं नव्हे, हे त्यांचं म्हणणं मला बंड्याच्या पायापाशी बसल्यावर पूर्ण पटलं. आमची चार घरं त्याला वर्षानुवर्षं तुकडा देत होती. त्याची जबाबदारी आम्ही आत्ता घेतली.

आता आमच्या गल्लीत ठरलं आहे. बंड्याच्या लसीची तारीख एका घरच्या कॅलेंडरवर लिहिली आहे, दवाखान्याचा खर्च चौघांत वाटला आहे, आणि जुनी पट्टी सोडून नवी बांधण्याचं काम कॉलेजात जाणाऱ्या एका पोरीने स्वतःहून घेतलं आहे. ती आधी हातमोजे घालते आणि नंतर साबणाने हात धुते. रेबीज लाळेतून येतो आणि आपल्या हातांवरही भेगा असतात, हे ती लहान पोरांना सांगत असते.

तुमच्याही गल्लीत एखादा बंड्या असेल. त्याला लागायच्या आधीच दोन घरांनी बसून ठरवा की दवाखान्यात कोण नेईल आणि लस कोण देऊन आणेल. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक मोबाइलमध्ये घालून ठेवा. वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) इथे पीपल फॉर ॲनिमल्सचा करुणाश्रम आहे, तो लक्षात ठेवा. आणि घरातली फिनाईलची बाटली फरशीपुरतीच राहू द्या.